जंत, रक्तक्षय आणि आपले पोट

मूल फिके पडले की घरी वावडिंग, पळसबी शोधतात. औषधे जुनी खरी, पण मात्रा अंदाजाची; आणि अंकुशकृमी तर आतड्याला चिकटून रक्त शोषतो. त्याची अळी ओल्या मातीतून अनवाणी तळपायात शिरते. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत राबणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोल मोफत मिळते : १ ते २ वर्षांच्या बालकास अर्धी, पुढे १९ वर्षांपर्यंत ४०० मिलिग्रॅमची एक. मात्र गोळीने मातीतले जंत मरत नाहीत; उघड्यावर शौच चालू राहिले की ते परत येतात. पोटाला ताक, ज्वारीची भाकर, हिरवी भाजी मानवते. रक्त फारच कमी असल्यास डॉक्टरांना विचारून लोहाची गोळी घ्यावी, आणि ती चहासोबत गिळू नये.