काळविटांचे रान आणि पर्यावरणाचा पाठ

महाविद्यालयाच्या आवारात चार पिंजरे उभारावेत, त्यांत मोर, पोपट, हरिणे ठेवावीत आणि विद्यार्थ्यांस प्राणिजीवनाची ओळख करून द्यावी, ही कल्पना अनेक शिक्षकांच्या मनात येत असते. हेतू चांगला असला, तरी तो पुरेसा नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेवाचून असे संग्रहालय कोणत्याही संस्थेस चालविता येत नाही.

वाशीम जिल्ह्यास तर पिंजऱ्यांची आवश्यकताही भासू नये. कारंजा-सोहोळ येथील काळवीट अभयारण्य जेमतेम १८ चौरस किलोमीटरचे आहे. परंतु अभ्यासासाठी तेवढे पुष्कळ झाले. काळवीट हा दाट अरण्याचा प्राणी नव्हे. शत्रू दुरून दिसावा आणि वेगाने धावता यावे, यासाठी त्यास उघडे गवताळ माळ लागतात. अकोला-वाशीम भागात आढळणारा दुर्मिळ तणमोरही याच गवताचा आश्रित. पावसाळ्यात विणीच्या काळात त्याचा नर गवतावरून पुनःपुन्हा उंच उडी घेतो. अशा माळांना किंवा गावच्या ई-क्लास जमिनीला 'पडीत' समजून तेथे सरसकट झाडे लावणे हे संरक्षण नव्हे, मग वृक्षारोपणाचे उद्दिष्ट कितीही पूर्ण होवो!

वन विभागाच्या परवानगीने विद्यार्थ्यांची लहान तुकडी दरमहा एकाच ठिकाणी, एकाच वेळी न्यावी. नर, माद्या व पाडसे यांची मोजणी करावी. तरुण नरही मादीसारखाच तपकिरी दिसतो. म्हणून रंगाआधी शिंगे पाहावीत. खुरांचे ठसे, लेंड्यांचे ढीग, गवताची उंची यांचीही टिपणे ठेवावीत. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. पंचायत सदस्यांनी ही टिपणे तिच्यासाठी अवश्य मागून घ्यावीत.

ज्याच्या हरभऱ्याचे कोवळे शेंडे कळपाने खुडले, त्या शेतकऱ्याचे म्हणणेही वहीत आले पाहिजे. त्याच्या भरपाईचा अर्ज विनाविलंब वन कार्यालयात पोचविणे हे संरक्षणाचेच काम होय. हानी सोसणाराच दुरावला, तर कुंपणे आणि फलक काय करणार?

गवतात एकटे पडलेले पाडस पोरके समजून घरी आणले जाते. वस्तुतः आई त्यास तेथे दडवून चरावयास गेलेली असते व दूध पाजण्यास परत येते. त्यास हात लावू नये. एखादा वन्यप्राणी काही कारणाने ताब्यात आलाच, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास अथवा प्राधिकृत वन अधिकाऱ्यास कळविणे कायद्याने बंधनकारक आहे.