प्लास्टर निघालं, आता पुढे?

प्लास्टर कापलं आणि पाय बघून तू रडलीस, असं वहिनींनी सांगितलं मला. रड गं, त्यात काय. पण भीतीनं रडली असशील तर आधी माझं ऐक. पोटरी सुकून निम्मी झालेली, कातडीचे पापुद्रे निघतायत, घोटा जाम आणि दिवस मावळला की पाऊल टम्म फुगतं, हे असंच असतं बघ. आषाढात रोवणीला धुऱ्यावरून घसरलीस, तेव्हापासून त्या पायाला काम नव्हतं. काम नसलं की स्नायू बारीक होतो, काम दिलं की परत भरतो. पाय खराब झालेला नाही, तो फक्त अशक्त आहे.

खरं सांगू का, मला राग कशाचा येतो? हाड जुळलं, एक्स-रे बरा आला आणि तुला सांगितलं काय, तर 'व्यायाम करा'. कोणता, किती, कधी, काही नाही. म्हणून पुढच्या फेरीला डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचार: पायावर वजन किती द्यायचं? नुसतं टेकवायचं, अर्धं द्यायचं, की पूर्ण? हे त्यांनीच एक्स-रे बघून सांगायचं असतं, शेजारणीनं नाही आणि मीही नाही. तेवढं कळलं की बाकीचं घरात बसून होतं.

सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी पंजा स्वतःकडे ओढ, मग पुढे ढकल, मग घोटा गोल फिरव. जुनी ओढणी पंजाला अडकवून दोन्ही टोकं हातानं ओढलीस की पोटरी ताणली जाते, तसं तीसेक आकडे मोजेपर्यंत धर. गुडघ्याखाली चादरीची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाब, पाच मोजून सोड. यानं मांडीचा पुढचा स्नायू जागा होतो आणि तोच तुला उभं ठेवणार आहे. एकदम तासभर करायच्या भानगडीत पडू नकोस. चहाच्या आधी थोडं, भात शिजेपर्यंत थोडं, निजताना थोडं. आणि दुपारी आडवी होशील तेव्हा पाय उशीवर, छातीपेक्षा उंच. सूज त्यानंच उतरते.

दुखणार का? दुखणार बाई, खोटं कशाला बोलू. ताणल्यासारखं दुखलं आणि तासा-दोन तासांत शांत झालं, तर चालू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त सुजलं, जास्त ठणकलं, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समज आणि निम्मं कर, बंद नको करूस. मात्र पोटरी एकाएकी सुजून गरम लागली, दम लागला, ताप आला किंवा टाक्यातून पू आला, तर सकाळची वाट बघायची नाही. 108 ला फोन करायचा.

काठी कोणत्या हातात धरतेस गं? दुखऱ्या पायाच्या बाजूला धरत असशील, सगळ्या तशीच धरतात. ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धर आणि दुखऱ्या पायासोबत पुढे टाक, म्हणजे भार वाटला जातो. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

आता उकिडवं बसण्याचं. शहरातल्या बाईला खुर्ची, टेबल, कमोड मिळाला की तिचं निभतं. तुझं कसं निभणार? चूल खाली, भांडी खाली, संडास खाली, रोवणी तर कंबरेतून वाकूनच. म्हणून डॉक्टर 'आता चालता ना?' म्हणाले की मान डोलवून परत येऊ नकोस, 'उकिडवं कधी बसू?' असं विचार. त्यांनी हो म्हटलं की दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धर, टाचांखाली पाट ठेव आणि हळूहळू खाली जा. घोटा पुरता वाकत नाही म्हणून टाच उचलली जाते आणि तोल मागे जातो, तो पाट सांभाळतो. पुढे पाटाच्या जागी पातळ फळी, मग काही नाही. तोवर संडासावर मध्ये भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची ठेव. लाजण्यासारखं त्यात काही नाही, पडून परत मोडण्यापेक्षा बरं.

जोरजोरात मालीश करून घ्यायचं नाही, सांध्याला झटका देऊन 'मोकळं' करून घ्यायचं नाही. कातडीला हलक्या हातानं तेल लाव, बस. गावात हाड बसवणारे आहेत, आपल्या आजीच्या काळी त्यांच्याशिवाय कोण होतं, मला ठाऊक आहे. पण बांबूच्या कमच्या आवळून बांधल्या आणि बोटं निळी-गार पडली, बधिर झाली, तर आतलं रक्त अडलेलं असतं आणि काही तासांत स्नायू मरायला लागतो. घरात पुन्हा कोणाचं हाड मोडलं तर एवढं ध्यानात ठेव.

आणि खर्रा. तोंड वाकडं करू नकोस, मी सांगणारच. तंबाखूतल्या निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड सांधायला उशीर होतो. आपल्या गडचिरोलीत 2016 पासून 'मुक्तिपथ'वाले गावोगावी दारू-तंबाखूविरुद्ध काम करतायत ते उगाच नाही. खर्र्याचे पैसे अंड्यांना लाव. मुंगन्याची भाजी, बोडीतले मासे, वरण हे सगळं पोटात जाऊ दे. आधी सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खाण्याची सवय निदान यंदा तरी सोड.

सासूबाई म्हणाल्या ना, 'बसून राहते'? बघ, आपल्याकडे बाईचं हाडाचं दुखणं कोणी मोजतच नाही. 1986 पासून गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. अभय आणि राणी बंगांच्या 'सर्च'नं कंबरदुखी हा खेड्यातला मोठा आजार मानून त्याचा अभ्यास केला. मुंबईचे मणक्याचे सर्जन डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी 'सर्च'च्याच शोधग्राममधल्या दवाखान्यात येऊन शस्त्रक्रिया करू लागले. म्हणजे ज्याला घरात 'नखरे' म्हणतात, त्यासाठी मुंबईहून डॉक्टर येतात. आणि वरोऱ्याचे बाबा आमटे आठव. मणक्याच्या दुखण्यानं त्यांना बसता येत नव्हतं, एकतर उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. तरी 1985 मध्ये, सत्तरीत, कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत 'भारत जोडो' काढलं, गाडीत पलंगावर पडून. ते आडवे पडले म्हणून त्यांना कोणी आळशी म्हटलं नाही. तुलाही म्हणू देऊ नकोस.

फिजिओथेरपीला दर आठवड्याला जिल्ह्याच्या ठिकाणी ये, असं मी तुला म्हणणार नाही. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशेच्या वर किलोमीटर, भामरागडला तर पर्लकोटेला पूर आला की रस्ताच नाही. एकदा मात्र ये. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. सोबत घरातलं कोणीतरी आण, आणि तू व्यायाम करत असताना त्याला मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांग, तुझ्याच पायाचा. घरी विसरलीस की तोच लावायचा. महिन्यानं तुझा नवा व्हिडिओ आशाताईच्या फोनवरून पाठवता येईल का, तेही तिथेच विचारून ठेव.

कामाची चिंता करतेस ना? कापणीला यंदा जाऊ नकोस, ओल्या बांधीत पाय मुरगळतो. चुरणीच्या वेळी बसून करायची कामं माग. मार्चमध्ये मोहफुलाला जायचं की नाही ते मात्र पाय बघून ठरव. पहाटे वाकून फुलं वेचणारी बाई वाघाला जनावरासारखी दिसते, आणि अस्वल तर मोहाखाली येतंच. घाईनं मागे सरता येत नसेल, धावता येत नसेल, तर जंगलात जायचं नाही. चार फुलं कमी आली तरी चालतील. तेंदूच्या हंगामात पानं तोडायला दुसरे जातील, तू घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांध. त्यालाही मजुरी आहेच, आणि ती तुझ्या नावानं माग.

दिवाळीनंतर मंडईचं नाटक बघायला मात्र जा गं, घरात कोंडून घेऊ नकोस. रात्रभर चालतं ते, तेव्हा जमिनीवर मांडी घालून बसायच्या फंदात पडू नकोस, खुर्ची मागून घे. दर प्रवेशाला उठून दहा पावलं चाल आणि काठी न्यायला विसरू नकोस, अंधारात वाट खडबडीत असते.