पगार झाला की खरेदी, मग पुन्हा रितेपण

प्रश्न : आम्ही ओमानमधल्या रुवीत राहतो. पगार झाला की हाय स्ट्रीटवर खरेदी ठरलेली. घर भरलंय, पण आनंद आठवडाभरही टिकत नाही. माझंच काही चुकतंय का?
— एक वाचक, रुवी

उत्तर : ताई, चुकत काही नाही. मन नव्या वस्तूला फार लवकर सरावतं. १९७८ मध्ये मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या लॉटरी विजेत्यांना गाठलं. ते इतरांहून फारसे सुखी नव्हतेच, रोजच्या साध्या गोष्टींतली त्यांची गोडीही कमी झाली होती. (विजेते जेमतेम २२ होते, म्हणून हा अभ्यास वेदवाक्य मानू नका.)

तुमच्याकडे आणखी एक गंमत आहे. रियालचे आकडे लहान, त्यामुळे खर्च हलका वाटतो. वीस रियालचा मिक्सर घेताना चार हजारांहून जास्त रुपये गेले, हे हाताला जाणवतच नाही. त्यात सुट्टीवर जाताना नणंदेला परफ्यूम, भाच्यांना चॉकलेटं; ही खरेदी हौसेपेक्षा धाकापोटीच जास्त होते, असं मला वाटतं.

पुढच्या पगाराला एक वस्तू टाळून शेजारच्या कुटुंबासोबत मत्रहच्या कॉर्निशवर संध्याकाळ काढा. मात्र उदासी रोजचीच असेल, झोप उडाली असेल, तर डॉक्टरांना भेटा.