घटक ५ : स्थळवर्णनाचे तीन स्तर – ॲरिझोनाच्या वाळवंटातील मोटारप्रवास

५.१ उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• स्थळवर्णनातील दृश्य, घडण आणि नाव हे तीन स्तर ओळखता येतील.
• अपरिचित स्थळाचे वर्णन परिचित स्थळाच्या आधारे करता येईल.
• स्थळनामांमागील दृष्टी तपासता येईल.

५.२ प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, प्रवासवर्णन लिहिताना ‘नयनरम्य’, ‘अवर्णनीय’ ही विशेषणे सहज सुचतात. त्यांतून लेखकाचा आनंद कळतो, स्थळ मात्र कळत नाही. वाळवंटाविषयी लिहिताना ही उणीव अधिक जाणवते, कारण तेथे लेखक अनेकदा ‘ओसाड’ या एकाच शब्दावर थांबतो. अमेरिकेच्या नैऋत्य भागातील ॲरिझोना राज्यातून मोटारीने जाताना लागणाऱ्या चार थांब्यांच्या आधारे, या शब्दापलीकडे कसे जावे हे आपण पाहणार आहोत.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ दृश्यामागील घडण
राज्याच्या पूर्व भागात ‘पेट्रिफाइड फॉरेस्ट’ हे राष्ट्रीय उद्यान आहे. येथे उघड्या माळावर झाडांचे ओंडके पडलेले दिसतात. हात लावला की ते दगड असल्याचे कळते. वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी हे वृक्ष नदीच्या गाळात गाडले गेले. भूजलात विरघळलेल्या सिलिकाने लाकडाची जागा घेतली, तर लोहासारख्या मूलद्रव्यांनी त्याला लाल-पिवळे रंग दिले. हे समजल्यावर ‘ओसाड’ हा शब्द अपुरा ठरतो. आजच्या रखरखीत भूमीवर एके काळी नद्या वाहत होत्या, हे दृश्याच्या आत दडलेले सत्य आहे.

५.३.२ परिचिताचा आधार
पश्चिमेकडे जाताना ‘मीटिओर क्रेटर’ लागते. सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वी उल्कापाताने झालेले हे विवर साधारण १.२ किलोमीटर रुंद आहे. मराठी वाचकाला येथे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारची आठवण होईल. मात्र तुलना केवळ साम्यावर थांबू नये. लोणारचे विवर अधिक रुंद, सुमारे १.८ किलोमीटरचे असून ते बेसाल्ट खडकात आहे व त्यात खारे सरोवर आहे. ॲरिझोनाचे विवर वालुकाश्म व चुनखडीच्या थरांत असून कोरडे आहे. साम्यामुळे वाचक त्या स्थळाजवळ पोहोचतो, भेदामुळे त्याला ते स्थळ नेमके दिसते.

५.३.३ नाव कोणी दिले?
फ्लॅगस्टाफ शहरावरून उत्तरेकडे वळल्यावर ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ येतो. कोलोरॅडो नदीने कोरलेली ही दरी दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. काठावरचा थर सुमारे २७ कोटी वर्षांचा, तर तळाचे काही खडक सुमारे १७० कोटी वर्षांचे आहेत. दरी उतरणे म्हणजे काळात मागे जाणे होय.

तळाच्या एका खडकाचे नाव आहे ‘विष्णू शिस्ट’. दरीतील शिखरांनाही विष्णू आणि शिव यांची नावे आहेत. भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिखरांना अशी नावे दिली. ती वाचून आपल्याला आपलेपणा वाटतो. परंतु अभ्यासकाने तेथेच थांबून विचारावे, की या दरीत आधीपासून राहणारे लोक कोण? हवासुपाई जमातीचे लोक येथे शेती करीत. त्यांना हटवण्यात आले आणि त्यांची जागा ‘इंडियन गार्डन’ म्हणून ओळखली जाऊ लागली. २०२२ मध्ये तिचे अधिकृत नाव ‘हवासुपाई गार्डन्स’ झाले. जमिनीचा तुकडा तोच राहिला. पण तेथे कोण राहत होते, हे आता नावातूनच कळते.

५.३.४ रिकामे वाटणारे घर
ईशान्येस, युटा राज्याच्या सीमेवर मॉन्युमेंट व्हॅली आहे. मऊ खडक झिजून गेले आणि कठीण खडकांचे उंच सुळके व सपाट माथ्याचे डोंगर उरले. ‘स्टेजकोच’ या १९३९ च्या चित्रपटामुळे हे दृश्य जगभर पोहोचले. पडद्यावर ती निर्मनुष्य सीमाभूमी वाटते. वास्तवात हा नवाहो लोकांचा प्रदेश आहे. ते स्वतःला ‘दिने’, म्हणजे ‘लोक’, म्हणवतात. १९५८ पासून येथे नवाहो राष्ट्राचे उद्यान असून काही कुटुंबे आजही खोऱ्यात राहतात. ‘येथे कोणीच नाही’ असे लिहिणारा प्रवासी, नकळत, कोणाच्या तरी घराचे अस्तित्व नाकारत असतो.

५.४ सारांश
काय दिसते, ते कसे घडले आणि त्याला कोणी कोणते नाव दिले, या तीन प्रश्नांनी स्थळवर्णन पूर्णत्वाकडे जाते. पहिल्या प्रश्नासाठी डोळे, दुसऱ्यासाठी अभ्यास आणि तिसऱ्यासाठी न्यायबुद्धी लागते.

५.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. ‘ओसाड’ हे विशेषण पेट्रिफाइड फॉरेस्टच्या संदर्भात अपुरे का ठरते?
२. लोणार आणि मीटिओर क्रेटर यांतील साम्य व भेद लिहा.
३. ‘स्थळनाम ही एक दृष्टी असते’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.

५.६ उपक्रम
तुमच्या गावाजवळील टेकडी, तळे किंवा माळ निवडा. त्याचे स्थानिक नाव आणि त्यामागील माहिती गावातील ज्येष्ठांकडून मिळवा. ‘सुंदर’ किंवा त्याच्या अर्थाचे एकही विशेषण न वापरता दीडशे शब्दांत वर्णन लिहा.