सोपाऱ्याची पेटी : नाणं खरं की मूर्ती खऱ्या?

विरार लोकलमध्ये नालासोपारा आलं की आपलं लक्ष फक्त दाराकडे असतं. उतरायला मिळेल की नाही एवढीच चिंता! पण हे सोपारा म्हणजे जुनं शूर्पारक, मोठं बंदर. टॉलेमीच्या भूगोलात त्याचं नाव आहे आणि अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही इथेच सापडले.

स्टेशनच्या पश्चिमेला सोपारा गावात विटांचा एक ढिगारा आहे. लोक त्याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. कोट कसला, तो होता बौद्ध स्तूप. पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९-१८८८) यांनी एप्रिल १८८२ मध्ये तो खणला. हे मूळ जुनागढचे, भाऊ दाजी लाडांच्या हाताखाली तयार झालेले.

सिव्हिलवाल्यांसाठी थोडं. स्तूपाला आत खोली नसते. तो भरीव असतो, सगळा भार खाली दाबाने उतरतो, त्यामुळे कमान नको की तुळई नको. म्हणूनच नुसत्या विटांवर एवढं मोठं काम उभं राहतं. अवशेष ठेवायचे ते मधोमध, विटांच्या छोट्या पोकळीत. भगवानलालांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी इकडेतिकडे न उकरता सरळ मध्य गाठला.

तिथे दगडाची गोल पेटी निघाली. पेटीत मध्ये तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती धातूच्या आठ छोट्या बुद्धमूर्ती गोलाकार मांडलेल्या: सात होऊन गेलेले बुद्ध आणि आठवा पुढे येणारा मैत्रेय. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि त्यात सोन्याचा. सोन्याच्या डबीत काय? मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे! बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. याशिवाय सोन्याची फुलं आणि गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं एक नाणं.

आता खरा प्रश्न. नाणं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं. त्यावरून सगळी ठेव त्याच काळची असं आधी धरलं गेलं. पण मूर्तींची घडण पाहून पुढच्या अभ्यासकांनी त्या आठव्या-नवव्या शतकातल्या ठरवल्या. एकाच पेटीत साधारण सहाशे वर्षांचा फरक! कोणाचं ऐकायचं?

समजा, घरी माळ्यावर एक ट्रंक आहे. तिच्यात आजोबांचा १९४४ चा भोकाचा पैसा आहे आणि तुमची गेल्या सेमिस्टरची मेसची पावतीही आहे. ट्रंक शेवटची कधी बंद झाली? पावतीनंतर. पैसा कितीही जुना असला तरी त्याने काही सिद्ध होत नाही, कारण जुनी वस्तू नव्या पेटीत ठेवता येते, पण पुढे बनणारी वस्तू आधीच बंद झालेल्या पेटीत जाऊ शकत नाही. पुरातत्त्वात हा नियम पक्का आहे: ठेवीचा काळ तिच्यातल्या सर्वांत अलीकडच्या वस्तूवरून धरायचा.

म्हणजे सोपाऱ्याची दगडी पेटी आठव्या शतकाच्या आधी शेवटची बंद झालेली नाही. पण इथे जागा पण बघायला हवी. नाणं करंड्यांच्या आत, मूर्ती करंड्याच्या बाहेर. तेव्हा करंडे सातवाहन काळातच भरलेले असावेत, आणि पुढे कोणीतरी स्तूप उघडून, आतलं तसंच ठेवून, भोवती मूर्ती मांडून तो पुन्हा बंद केला असावा, असं म्हणायला जागा आहे. मला हेच जास्त पटतं. तसं असेल तर सहाशे वर्षांनंतरही हा स्तूप इथल्या लोकांच्या पूजेत होता. मात्र हा तर्क झाला. पक्कं एवढंच की मूर्ती नंतरच्या.

भगवानलालांनी कुठली वस्तू कुठे होती ते नीट लिहून ठेवलं, म्हणून आज हा वाद तरी घालता येतो. सगळं एका पिशवीत भरून आणलं असतं तर संपलंच होतं. आपल्या सर्व्हे कॅम्पच्या फील्डबुकात रीडिंग 'नंतर भरू' म्हणणाऱ्यांनी (मीही त्यातलाच) हे वाचावं.

पेटीतल्या वस्तू मुंबईत टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीकडे आहेत. स्तूप मात्र तिथेच, सोपाऱ्यात. रविवारी गेलात तर गाडीला गर्दी कमी असते.