‘ओळखा बघू मी कोण’ असं विचारू नका

अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, भेटायला आलेला जो तो समोर बसून हेच विचारायचा. अण्णा ओशाळून हसायचे, हात जोडायचे. मग पाहुणे माझ्याकडे वळून त्यांच्यादेखतच म्हणायचे, ‘काहीच कळंना का हो आता?’ कळत होतं. पाहुणे गेल्यावर अण्णा ताटावर बसायचे नाहीत. ज्यांच्या घरात डिमेन्शियाचं माणूस आहे त्यांनी ही परीक्षा आधी उंबऱ्याबाहेर थांबवावी. येणाऱ्यालाच सांगून ठेवावं, आपलं नाव-गाव आपण सांगायचं: ‘अण्णा, मी कुर्डुवाडीचा, तुमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा.’ एवढ्यानं त्यांचा चेहरा फुलायचा.

अल्झायमरच्या डिमेन्शियात बहुधा वस्तूंची नावं लवकर हरवतात. तांब्या हवा असला की अण्णा ‘ते पाण्याचं, ते’ म्हणत हात हलवायचे. अशा वेळी घाईनं शब्द पुरवू नये, थोडं थांबावं. बोलणं डोक्यात पोचायलाही त्यांना वेळ लागतो. ‘उठा, हातपाय धुवा, जेवायला चला’ असं एका दमात म्हटलं की ते जागचे हलायचे नाहीत. नुसतं ‘उठा’ म्हटलं की उठायचे. पुढचं पुढे. टीव्ही बंद करावा, समोरून यावं, त्यांच्या डोळ्यांना डोळे भिडतील असं बसावं. ‘काय खाणार?’ यापेक्षा भाकरी आणि भात दोन्ही समोर धरावं. हात आपोआप जातो.

आता टेंभुर्णी आमचं गाव, पण अण्णांचं मूळ गाव उजनीच्या पाण्यात गेलं. धरण १९८० साली पुरं झालं; भीमाकाठची कितीतरी गावं उठली, त्यातलंच ते एक. दिवेलागणीला अण्णा अस्वस्थ व्हायचे. ‘चला घरी, धार काढायची राहिलीय.’ घरातलं कुणीतरी समजवायला जायचं, ‘अहो अण्णा, गाव कधीच बुडालं.’ ते ही बातमी दर वेळी पहिल्यांदाच ऐकायचे आणि लहान मुलासारखे रडायचे. खरं सांगण्याचा हट्ट इथं क्रूर ठरतो, असं माझं ठाम मत आहे. ‘म्हशी किती होत्या अण्णा? दूध कुठं घालायचा?’ असं विचारलं की ते गोठ्याबद्दल, भीमेच्या पाण्याबद्दल तुटक-तुटक बोलत राहायचे आणि हळूहळू शांत व्हायचे. त्यांना हवं असायचं ते आपलेपण. वाटेचा पत्ता नव्हे.

तरीही एका संध्याकाळी ते निघालेच. आमच्या गावाला पुणे–सोलापूर महामार्ग खेटून जातो आणि तेव्हा उसाच्या ट्रॉल्यांचा हंगाम होता. चहाच्या टपरीवाल्यानं ओळखलं, हात धरून आणून सोडलं. म्हणून सांगते, आजार लपवू नका. स्टँडवरच्या, टपरीवरच्या, किराणा दुकानाच्या माणसांना सांगून ठेवा. सदऱ्याच्या खिशाच्या आतून फोन नंबर शिवा. अलीकडचा फोटो मोबाईलमध्ये हाताशी ठेवा.

सगळ्यात कळकळीनं सांगायचं ते वेगळंच आहे. एका उन्हाळ्यात अण्णा दोन दिवसांत पार बदलले. ओरडायला लागले, अंगाला हात लावला की मारायला धावले, रात्रभर भिंतीवर काहीतरी दिसतंय म्हणायचे. कुणी म्हणालं आजार वाढला, कुणी म्हणालं बाहेरचं आहे, अंगारा लावा. निघालं काय, तर लघवीतला जंतुसंसर्ग. जळजळ होतेय हे सांगायला शब्द नव्हते. ते नुसतं धोतर ओढत होते. औषध लागू पडलं आणि आठवड्याभरात अण्णा पूर्वीसारखे झाले. डॉक्टर याला डेलिरियम म्हणतात. डिमेन्शिया साधारणपणे महिन्या-वर्षांनी पुढं सरकतो. माणूस एक-दोन दिवसांत बदलला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लघवी, बद्धकोष्ठ, पोटात कमी गेलेलं पाणी, दुखरा दात, नुकतीच सुरू झालेली गोळी, हे सगळं तपासायला सांगावं. कानात मळ साठलाय का, चष्म्याचा नंबर बदललाय का, हेही बघावं. ऐकूच न येणाऱ्याला ‘कळत नाही’ ठरवणं फार सोपं असतं. विसरायला लागलेल्या माणसाचं थायरॉइड आणि बी-१२ सुरुवातीलाच तपासून घ्यावं. त्यातला दोष औषधानं सुधारता येतो.

शब्द गेले तरी चाल उरते. तांब्याचं नाव न आठवणारे अण्णा टाळ हातात दिला की हरिपाठाच्या ओळीमागून ओळ म्हणायचे. आंघोळीला विरोध असायचा, तेव्हा मी आधी हरिपाठ सुरू करायची आणि मग पाणी घ्यायची.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावा. त्यात मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृतचे विद्वान शास्त्री हरवतात. त्यांना सांभाळते हत्तीवाल्याची कानडी बोलणारी बायको, अमृता सुभाष. तिला त्यांची विद्वत्ता ठाऊक नाही, म्हणून ती गेली याचं दुःखही नाही. समोर भुकेलं माणूस आहे, एवढंच तिला दिसतं. आम्ही घरचे मात्र जुन्या अण्णांना शोधत बसायचो.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. त्यांच्यामागं तितकीच घरं आहेत, आणि बहुतेक घरांत हा भार एकाच बाईवर येऊन पडतो. नणंदा-दिरांनी पाळी लावून घ्यावी. नुसती फोनवर चौकशी पुरत नाही. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ या क्रमांकावर सकाळी ८ ते रात्री ८ मोफत चालते. सांभाळणारीचं स्वतःचं मन थकलं तर टेलिमानसचा १४४१६ कुठल्याही वेळी लागतो, आणि तिथं मराठीतून बोलता येतं.