जाळ्याचं शिसं आणि रांगतं मूल

ताईंनो, मिरकरवाडा असो की हर्णै, जाळं दुरुस्त करायला पडवीत घेतलं की मूल तिथंच रांगतं. जाळं बुडावं म्हणून लावलेलं शिसं हाताळून बोटं तोंडात घालतं. पोटात गेलेलं शिसं मोठ्यांपेक्षा मुलांच्या अंगात ४-५ पट जास्त मुरतं. मेंदूचं नुकसान होतं, ते भरून येत नाही. सुरुवातीला बाहेरून काहीच कळत नाही.

म्हणून :

१. शिसं चुलीवर वितळवू नका. गरोदर बाई आणि मुलं लांब ठेवा.
२. काम झाल्यावर साबणाने हात धुवा, कपडे बदला, मगच बाळ घ्या.
३. पडवी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.
४. नाचणी, पालेभाजी द्या. लोह-कॅल्शियम पुरेसं असेल तर शिसं कमी मुरतं.
५. शंका आली तर डॉक्टरांना रक्तातल्या शिशाची तपासणी विचारा.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने सांगायचं : आमच्या घरी शिसं कुठे ठेवलंय?